लाकूड कच्चं होतं

माघ संपत आला की सांगलीच्या हवेत एक कोरडेपणा येतो. ओठ फुटतात, दाराच्या फळ्या आकसतात, वर्षभर घट्ट बसणारी कडी आपोआप निखळून खाली येते. रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जात असतात. सगळ्या टायरच्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो, चाकांचा येत नाही. लोकांना हा हंगाम गोड वाटतो. मला नाही वाटत. या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं हे आता घरातल्यांनाही ठाऊक झालंय. दोन महिने ते माझ्या वाटेला फारसे जात नाहीत.

यंदा मात्र गेले. मुलाकडे एक जुनी जीप आहे. डोंगराकडच्या शेतावर जायला ती बरी पडते, पण आता ती दर आठ दिवसांनी आजारी पडते. परवा सकाळी चहाच्या वेळी बापलेकांची जुंपली. मुलाचं म्हणणं, सांगाडा अजून दणकट आहे, इंजिन तेवढं नवं घालू. नातू म्हणाला, "बाबा, किती ठिगळं लावणार? मुळात बांधणीच जुनी झालीय. काढून टाका आणि नवी घ्या." मग मुलानं माझ्याकडे तोंड वळवलं. "आई, तू सांग. सुधारायची का बदलायची?"

"मला कशाला विचारता?" मी म्हटलं. "तुमचं आधीच ठरलं असेल."

बोलले ते जरा जास्तच टोचून बोलले. सून चमकून बघायला लागली. मी मेथी निवडायचं निमित्त करून आत गेले, आणि जुडीची दोरीही न सोडता कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. असा वाद मी एकदा ऐकला होता. तेव्हा मी विशीत होते, महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि वाद बैलगाडीचा होता.

आमचं गाव इस्लामपूरच्या पलीकडे, कृष्णेच्या काठाला. जमीन काळी, लोण्यासारखी. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला तर वहाण आतच राहते. त्या मातीतून, पाणंदीतून, नदी पायी ओलांडायच्या उतारातून गूळ बाहेर काढायचा म्हणजे गाडी तशीच लागते, आणि तशी गाडी माझे वडील करत. आबा सुतार. गावात त्यांना सगळे आबाच म्हणत. आई मी लहान असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा फौजेबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला, म्हणून मी माहेरीच होते. सातवी पास झालेली मुलगी, पण माझा अर्धा दिवस आबांच्या मेटावर, म्हणजे सुतारकामाच्या जागेवर, जायचा. लाकडाच्या वासाचं मला वेडच होतं. बाभळीचा वास थोडा आंबूस असतो, तो हाताला लागला की जेवतानाही येतो.

चाकाला धाव बसवायची असली की माझी खरी गरज लागे. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा अंमळ लहानच करायची, गोवऱ्यांच्या रिंगणात लाल होईस्तोवर तापवायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून लाकडावर ठोकायची, आणि लाकूड पेट घेतंय असं वाटतानाच पाणी ओतायचं. पाणी ओतायचं काम माझं. धूर, वाफ, आणि त्या वाफेतून येणारा कट् कट् असा आवाज. आकसणारं लोखंड सगळे आरे, सगळे सांधे आवळून घ्यायचं. आबा त्या आवाजाला कान देऊन उभे राहायचे. "बसलं गं बाय," म्हणायचे. त्यांच्या तोंडून तेवढं ऐकायला मी पाण्याच्या कितीही घागरी वाहिल्या असत्या.

पण लाकूड ते लाकूड. फाल्गुनातल्या उन्हात ते सुकतं, बारीक होतं आणि धाव ढिली पडते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या संध्याकाळी नदीच्या डोहात नेऊन उभ्या करायच्या, चाकं पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी काढायच्या. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव पुन्हा घट्ट. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नसे. माणसाला रात्री जेवण आणि गाडीला फाल्गुनात डोह, इतकं ते साधं होतं.

आमचे हे परत आले ते कार्तिकात. 'हे' म्हणजे माझे यजमान. नाव मी उखाण्यापुरतंच घेतलं आहे. आणि इतकं होऊनही त्यांच्याविषयी लिहिताना हात आदरार्थीच चालतो, त्याला माझा इलाज नाही. हे वडूजकडचे, सुताराच्याच घरातले, पण फौजेत मोटारींचे फिटर झाले होते. अंगात खाकी, पायात बूट, आणि खिशात एक पोलादी फूटपट्टी, दुमडणारी. चिखलात रुतलेल्या जीपगाड्या कशा काढल्या, कुठल्या डोंगरात कुठलं चाक चाललं, हे सांगायला लागले की पारावरची माणसं विडी विझली तरी उठत नसत.

त्याच सुमाराला गावातल्या गूळवाल्या बागायतदारांनी मनावर घेतलं होतं. गाड्या जुन्या झाल्या होत्या. त्यांचे म्होरके दादा पाटील. ते एक दिवस मेटावर आले, आबांच्या रंध्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आबा, बारा गाड्या करायच्या हाईत. पण सांगलीचा एक कारखानावाला म्हनतोय, लाकडाची चाकं सोडा, टायरची घ्या. लष्कराचा माल लय सुटलाय म्हनं."

"टायर?" आबा हसले. "आन् बाभळीचा काटा घुसल्यावर? पाणंदीत बसून फुकनी लावायची व्हय?"

"बैलांची मान वाचती म्हनत्यात."

बैलांच्या मानेचं खरं होतं आणि ते आबांना ठाऊक होतं. जुनी गाडी जड. तिची अरुंद धाव काळ्या मातीत सुरीसारखी जायची आणि बैलांच्या मानेवरची कातडी जुवाखाली सोलून निघायची. आबा हेकट असते तर माझं दुःख सोपं झालं असतं. पण त्यांनी स्वतः तरुणपणी त्यांच्या वडलांशी भांडून लाकडी आख, म्हणजे चाकांचा आस, काढून लोखंडी घातला होता. बदल त्यांना नको नव्हता. त्यांना एवढंच वाटायचं की गाडीचं दुखणं गावातल्या गावात बरं व्हावं, आरा मोडला तर बांधावरची बाभूळ तोडून दुपारपर्यंत नवा बसवता यावा.

"मला हंगामभर सवड द्या," ते पाटलांना म्हणाले. "मी नवी करून दावतो. मग दोन्ही गाड्या उतारातनं घाला आन् काय ते ठरवा."

"ठरलं," पाटील म्हणाले.

मग सुरू झाला तो हंगाम. त्याच्याइतका सुखाचा काळ माझ्या आयुष्यात नंतर आला नाही, आणि हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. गुऱ्हाळं पेटलेली. चिपाडांचा धूर सगळ्या गावावर. काहिलीतून उतरणाऱ्या काकवीचा वास केसांत बसायचा, धुतला तरी जायचा नाही. आणि मेटावर माझी दोन माणसं, आबा आणि हे, उकिडवी बसून जमिनीवर कोळशानं गाडी काढत होती.

"मामा, ही पट्टी तीन बोटांची हाय ती सहा बोटांची करा," हे म्हणायचे. "वजन पसरंल. रुतनार न्हाई."

"मंग चाक जड हुतंय की."

"चाकाच्या तुंब्यात आखाभोवती पितळी बुश घालू. हलकं फिरंल."

आबा विचार करायचे. कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवायचे. "पावनं, डोकं हाय तुमास्नी," म्हणायचे. जावयाला ते कधी एकेरी बोलले नाहीत. सासऱ्यानं जावयाचा मान राखायचा, हे त्यांच्या हाडात होतं. ताटात पहिली भाकरी ह्यांना, बसायला घोंगडं ह्यांना. ह्यांचं चुकलं तरी आबा म्हणायचे, "व्हय, असं बी करून बघू," आणि हे जेवायला गेले की हळूच स्वतःच्या हातानं ते बरोबर करून ठेवायचे.

मेटाच्या माळ्यावर बाभळीचे जुने ओंडके होते. मी रांगत होते तेव्हापासून तिथं सुकत पडलेले. आबांनी ते कुणाला दिले नव्हते, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. त्या हंगामात त्यांनी ते खाली काढले. वर धूळ वीतभर, आणि करवत घातल्यावर आत लाकूड तांबूस, दगडासारखं. "यापरीस पिकलेलं लाकूड या काठाला न्हाई," आबा म्हणाले. ह्यांनी त्यावर टिचकी मारून पाहिली आणि मान हलवली. मी दारात चहा घेऊन उभी होते. वाटलं, आता आपलं सगळं जागेवर आलं. हे आता इथंच राहतील, मेट चालवतील, आबांना म्हातारपणी आधार होईल. मी तसं कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरज वाटली नाही.

पौषात हे दोनदा सांगलीला जाऊन आले. बुशिंगासाठी, म्हणाले. माघात आणखी एकदा. येताना माझ्यासाठी निळं लुगडं आणलं. मी किती वेडी असेन! ते लुगडं नेसून मी गाडीच्या चाकांना हळदकुंकू लावलं.

गाडी झाली ती देखणी झाली. रुंद धाव, हलकं जू, उतारावर चाक आवळायला ह्यांनी बसवलेला ब्रेक. पंधरा दिवस आबांनी तिची चाचणी घेतली, उन्हातून, ढेकळांतून, गुऱ्हाळाच्या भट्टीला खेटून. फाल्गुन लागला आणि शर्यतीचा दिवस ठरला. शर्यत म्हणायची नाही असं पाटलांनी सांगितलं होतं, पण सगळं गाव शर्यतच म्हणत होतं.

आदल्या दिवशी आबांनी चाकांवर टकटक करून पाहिलं. "पावनं, आज गाडी डोहात न्यायला पायजे. मी नेतो."

"तुमी दमलाय मामा," हे म्हणाले. "मी नेतो की."

जावई आपण होऊन काम मागतोय, त्याला नाही म्हणायचं नसतं. आबा बसले. हे गाडी घेऊन गेले आणि दिवे लागायच्या आत परत आले. मी पाय धुवायला पाणी घेऊन अंगणात गेले. ह्यांची खाकी विजार वरपासून खालपर्यंत कोरडी होती.

आमच्या डोहात गाडी उभी करायची तर माणूस कमरेपर्यंत भिजतो. चाकांखाली दगड लावावे लागतात, हातानं चाचपून. हे मला ठाऊक होतं. पाण्याचा तांब्या हातात धरून मी ह्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. ह्यांनी तांब्या घेतला आणि विचारलं, "काय बघतीस?" मी म्हटलं, "काई न्हाई." मनाला सांगितलं, विजार काढून ठेवली असेल काठावर.

सकाळी हे गाडी घेऊन आले तेव्हा चाकांवरून पाणी निथळत होतं. आबांनी लांबूनच पाहिलं आणि समाधानानं पान लावलं.

सांगलीहून आलेली टायरची गाडी हिरव्या रंगाची होती. दोन्ही गाड्यांत सारख्याच ढेपा भरल्या. काळ्या रानातून आबांची गाडी अशी निघाली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. रुंद धाव मातीवर नुसती टेकत होती. उतारातल्या वाळूत टायरची गाडी अडकली, चार माणसांनी ढकलून काढली, तोवर आबांची गाडी पाण्याच्या मध्यावर गेली होती. "आबा, जिंकलासा की!" कुणीतरी ओरडलं. मग पलीकडची दगडी चढण लागली. पहिल्याच दगडावर डावं चाक आपटलं आणि एक आवाज झाला. मला तो आवाज ओळखू आला. लोखंड लाकडावरून सुटल्याचा तो आवाज होता.

धाव निघून घरंगळत पाण्यात गेली. तिच्यामागे चाक उकललं. आरे एकेक करून पसरले, गाडी कलली आणि ढेपा धडाधड नदीत पडल्या. एक ढेप गडगडत पार माझ्या पायापर्यंत आली. माणसं हसली. हसण्यासारखंच दिसत असणार ते.

आबा पाण्यातून चालत चाकापाशी गेले. खाली बसले. एक निखळलेला आरा उचलून त्याच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग सांध्यात बोट घातलं. वर पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. हे ब्रेकच्या दांडीला हात लावून उभे होते.

"काय झालं आबा?" दादा पाटलांनी विचारलं.

आबा उठले. सगळ्या गावादेखत म्हणाले, "माजं चुकलं. लाकूड कच्चं व्हतं."

सुताराच्या तोंडून निघालेलं हे वाक्य काय असतं ते सुताराच्या घरच्याच माणसाला कळेल. वैद्यानं म्हणावं, मी विष दिलं, तसं ते आहे. वीस वर्षं वाळलेली बाभूळ, आणि तो माणूस म्हणाला कच्ची होती. बारा गाड्या सांगलीला गेल्या. त्याचं मला फारसं वाटलं नाही. आज ना उद्या त्या जाणारच होत्या. पण त्या दिवसानंतर आबांकडे कुणी नांगराचं जूसुद्धा करायला टाकलं नाही. कच्चं लाकूड वापरणारा सुतार म्हटल्यावर कोण टाकेल?

आठ दिवसांनी हे मला म्हणाले, "आवर. सांगलीला जायचंय. टायरगाड्यांच्या त्या कारखान्यात मिस्त्री म्हणून लागलोय." मी विचारलं, कधी ठरलं? "आत्ताच," म्हणाले. सांगलीत एका बोळात खोली होती. घरमालकीण भली बाई. मला आत नेऊन कौतुकानं म्हणाली, "चूल खिडकीखाली हवी असं तुमचे मालक माघातच येऊन सांगून गेले होते. म्हणाले, आमच्या बायकोला धुराचा त्रास होतो."

मी त्या चुलीकडे बघत उभी राहिले. नवी, सारवलेली, खिडकीखाली. माझ्या डोळ्यांची इतकी काळजी करणारा माणूस माघात इथं उभा होता आणि त्याच दिवशी परत येऊन आबांशेजारी बसून आरे तासत होता. दोन्ही कामं त्यानं सारख्याच मन लावून केली. विश्वासघात करणारा माणूस कसा दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, प्रेमळ दिसतो. निळं लुगडं आणतो.

मी बोलले एकदा ह्यांना. पहिल्याच वर्षी. ह्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "गाडी जाणारच होती. मामांना समजावून त्यांनी ऐकलं असतं काय? एकदाच काय तो तुकडा पाडला." मला अजून त्याची चीड येते. आबा ऐकत होते! हंगामभर आबांनी दुसरं काय केलं? पट्टी रुंद केली, बुश घातलं, वीस वर्षांचं लाकूड काढून दिलं. त्यांना सरळ सांगितलं असतं, मामा, तुमची गाडी चांगली आहे पण मला टायरची करायची आहे, तर त्यांनी आपल्या हातानं टायरच्या गाडीचा वरचा लाकडी साटा करून दिला असता. सांगायचंच नव्हतं ह्यांना. विचारून घ्यायला माणूस बरोबरीचा मानावा लागतो.

पुढं ह्यांच्याबरोबर मी चाळीस वर्षं संसार केला. ह्यांनी मला शिकू दिलं, शाळेत नोकरी करू दिली, कधी हात उगारला नाही. टायरच्या गाडीनं बैलांच्या मानाही वाचल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि कबूलही केलं. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. मी हो म्हणायची. हेही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त त्रास व्हायचा. सरळ वाईट माणसाचा राग करता येतो, सुटता येतं.

त्या पहिल्याच वर्षी पंचमीला माहेरी गेले तेव्हा आबा मेटावर पोळपाट करत होते. गाड्या करणारा माणूस, पोळपाट. माझ्यासाठी त्यांनी एक आधीच करून ठेवला होता. त्यांच्यासमोर बसून मी गहू निवडायला घेतले. मग मला राहवेना.

"आबा, लाकूड कच्चं नव्हतं."

"न्हाई," आबा म्हणाले. पटाशी चालूच होती. "आऱ्याला बोट लावलं तवाच कळलं. आत ठनठनीत कोरडा. वरनं बादली वतली व्हती."

"मग बोलला का न्हाई? सगळ्या गावात सोताचं नाव घालवलंसा!"

"जावयाला गावात खोटं पाडू?" त्यांनी पटाशी खाली ठेवली. "आन् मग तू कुटं नांदनार व्हतीस? हितं, ह्या मेटावर, लोकांची बोलनी खात? माजं काय गं. हात हाईत, पोळपाट बी करतील."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग भुसा झटकत, माझ्याकडे न बघता, त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला ठाव व्हतं का गं आदी?"

पुढं बारा वर्षं ते जगले, पण हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. एकदाच विचारला होता, आणि मी सुपातल्या गव्हांवरून हात फिरवत म्हणाले होते, "न्हाई आबा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका निवळला की खरं सांगायला मला पुन्हा कधी तोंड उघडता आलं नाही.